सण होऊन जातो, डबे उरतात

सणाच्या दिवशी काय खायचं नाही याची यादी मी केलीच नाही. त्या दिवशी जे पानात पडेल ते खाईन, असं घरात आधीच सांगून टाकलं. बंदोबस्त केला तो मधल्या दिवसांचा.

निमित्त होतं रक्ततपासणीचं. एचबीए१सी ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाल्या, "गोळी लगेच नको. खाणं सांभाळा, तीन महिन्यांनी परत बघू." ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते. त्यामुळे एका मेजवानीने तो आकडा फारसा बिघडत नाही आणि आदल्या दिवशी उपाशी राहून सुधारतही नाही. आणि सगळे सण नेमके त्याच तीन महिन्यांत!

तेव्हा एक जुना अभ्यास वाचनात आला. अमेरिकेत १९५ प्रौढांवर केलेला हा अभ्यास २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. वर्षाअखेरच्या सुट्ट्यांच्या काळात त्या लोकांचं वजन सरासरी ०.३७ किलोच वाढलं होतं. त्यांना स्वतःला मात्र ते चौपट वाढल्यासारखं वाटत होतं. इथवर वाचून हायसं वाटलं. पण पुढे लिहिलं होतं की वाढलेलं ते वजन नंतरच्या महिन्यांत उतरलंच नाही. दरवर्षी थोडं थोडं साचत जातं, ते असं. म्हणजे दोन-चार जेवणांना घाबरण्यात अर्थ नाही; सण संपल्यावर नेहमीच्या खाण्यावर किती लवकर परत येतो, ते महत्त्वाचं.

मग मधल्या दिवसांचं जेवण मी मुद्दाम कंटाळवाणं ठेवलं. अर्धं ताट भाज्या, एक भाग डाळ किंवा अंडी, उरलेल्यात धान्य. खाताना आधी भाजी आणि डाळ, धान्य शेवटी. याच क्रमाने जेवलं की जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते, आणि मुख्य म्हणजे यात काही सोडावं लागत नाही. जेवून उठलं की दहा-पंधरा मिनिटं चालायचं, पाहुणे असले तर त्यांनाही घेऊन.

गोडाचं गणित वेगळं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर, म्हणजे मध आणि फळांच्या रसातलीसुद्धा, दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. ५ टक्के जमलं तर उत्तम. २००० कॅलरी खाणाऱ्याला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. गोड शीतपेयाच्या एका ३३० मिलीच्या कॅनमध्येच सुमारे ३५ ग्रॅम साखर असते आणि पोट तर रिकामंच राहतं. म्हणून पेयं पहिल्या झटक्यात बंद केली. साखर खायचीच आहे तर ती चावून खावी, असं माझं सरळ मत आहे.

ज्या घरी जेवायला जायचं, तिथे भुकेने कळवळत जायचं नाही. रात्री मेजवानी आहे म्हणून दिवसभर उपास करणारे पाहिलेत मी. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांचा संयम सुटलेला असतो. मी निघण्याआधी दही किंवा मूठभर शेंगदाणे खायचे. टेबलावर दहा पदार्थ असले तरी दोनच निवडायचे, एरवी मिळत नाहीत असे. पोट एका चवीला कंटाळलं तरी दुसरी चव आली की पुन्हा भूक लागल्यासारखं होतं, त्यामुळे पदार्थ जितके जास्त तितकं खाणंही जास्त.

खरी परीक्षा आग्रहाची. "मावशी, डॉक्टरांनी नको सांगितलंय" म्हटलं की सगळ्या घराचं लक्ष माझ्या ताटाकडे आणि मग प्रत्येकाचे उपाय. त्यापेक्षा "मस्त झालंय, पण आता जागाच नाही" हे सौम्य आणि पुरेसं. ताटातला शेवटचा घास सावकाश खायचा. रिकामं ताट दिसलं की वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. आत्या मात्र कशालाच बधत नाही. तिच्याकडे मी वाढून घेते आणि खाते.

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहायचं नाही, हेही ठरवलेलं. खारट आणि पिष्टमय खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. रातोरात वाढलेला किलो चरबीचा नसतो, पण तो पाहून माणूस चिडून एक तर उपाशी राहतो, नाही तर "गेलंच आता" म्हणून आणखी खातो. मी आठवड्यातून एकदाच, ठरल्या सकाळी वजन करत होते. जागरणांना आवर घालणं जमेल तितकंच जमलं, पण झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते, हे स्पष्ट जाणवलं.

पुढच्या तपासणीत ५.७ आलं. उंबरठ्यावरच, पण वर गेलं नाही. डॉक्टरांनी आता सहा महिन्यांनी बोलावलंय.

राहता राहिले भेटीदाखल आलेले डबे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर असले की येता-जाता हात जातोच, म्हणून आमच्याकडे आता नियम आहे: डबा आला की त्याच संध्याकाळी उघडायचा, सगळ्यांनी एकेक घ्यायचा आणि बाकीचा दुसऱ्या दिवशी ऑफिसात न्यायचा. ऑफिसातलेही तेच करतात, त्यामुळे तिथलं टेबल भरलेलं असतं. मी हल्ली दुसऱ्या टोकाला बसते.