पुण्यात चांगला स्टेक केवढ्याला पडतो?

पुण्यात साडेसातशे-आठशे रुपयांत जो स्टेक मिळतो, तो फ्लॉरेन्स किंवा न्यूयॉर्कच्या मानाने स्वस्त आहे. फक्त कुठला मागायचा आणि कसा मागायचा, हे माहीत हवं. मावसभाऊ न्यू जर्सीहून डिसेंबरात सुट्टीला आला होता. त्याच्यासोबत कॅम्प, ढोले पाटील रोड, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर आणि शेवटी एक पंचतारांकित हॉटेल, असं सगळं फिरून झालं. त्यातलं जे कामाचं, ते लिहितो.

आधी मांसाबद्दल. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि परदेशातून बीफ आणायलाही देशात परवानगी नाही. त्यामुळे पुण्यातला स्टेक हा म्हशीचा असतो. मेन्यूत बरेचदा नुसतं ‘टेंडरलॉइन’ लिहितात. घरात कुणाला चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधी स्पष्ट विचारा, वेटर नीट सांगतात.

या टेंडरलॉइनला कॅम्पातले खाटीक आणि जुने खानसामे ‘अंडरकट’ म्हणतात. पाठीच्या कण्याखालचा हा लांबट स्नायू जनावराच्या चालण्याफिरण्यात फारसा वापरला जात नाही, म्हणून तो मऊ राहतो. आपल्याकडची म्हैस बहुधा दूध देऊन थकल्यावरच कापली जाते. तिच्या मांसात चरबीच्या रेषा जवळजवळ नसतात, बाकीचे भाग शिजायला वेळ घेतात. स्टेकला लायक असा भाग म्हणजे अंडरकट, आणि तो एका जनावरातून थोडाच निघतो. म्हणून पुण्यात रिबआय किंवा टी-बोन असे स्टेकचे दुसरे काप शोधत बसू नये.

सुरुवात कॅम्पातून केली, कारण आमच्या पिढीला स्टेकची ओळख सिझलरनेच झाली. मुंबईत १९६३ साली एका इराणी माणसाने सिझलर सुरू केला आणि त्याच घराण्याने पुढे मोलेदिना रोडवर ‘द प्लेस टचे द सिझलर’ काढलं. कॅम्पाच्या आसपास आज सिझलरची बरीच ठिकाणं आहेत, भाव साधारण सहाशे ते साडेआठशे. पोट भरण्याच्या दृष्टीने याला तोड नाही. पण मांसाच्या दृष्टीने एक अडचण आहे. लाकडी पाटात बसवलेली ती बिडाची थाळी टेबलावर आल्यावरही दहा मिनिटं तापलेली असते आणि मांस तिच्यावर शिजतच राहतं. मीडियम, म्हणजे मधोमध गुलाबी राहील इतपत शिजवलेला, मागवलेला स्टेक फोटो काढून होईस्तोवर आतून करडा पडतो. भावाने पहिला तुकडा कापला तेव्हा मधोमध छान गुलाबी होता, चौथा कापला तेव्हा रंग गेला होता आणि चावायला जोर लागत होता. त्यावर उपाय सोपा आहे. हवा त्यापेक्षा एक पायरी कच्चा, म्हणजे मीडियमऐवजी मीडियम रेअर, मागवा, आणि थाळी येताच स्टेक उचलून खाली अंथरलेल्या कोबीच्या पानावर, तेही थाळीच्या कडेला, सरकवा. सॉस वेगळा वाटीत आणायला सांगा, म्हणजे धूरही कमी होतो. घरातले शाकाहारी सोबत असतील तर मात्र सिझलरसारखी सोय दुसरी नाही, पनीरचा आणि भाज्यांचा तितकाच भरगच्च येतो.

खरा स्टेक आम्हाला कोरेगाव पार्कातल्या गल्लीत मिळाला. छोटं ठिकाण, गार्डन सीटिंग, मेन्यूवर साडेसातशे रुपये.

“वजन किती असतं?” मी विचारलं.

“कच्चं दोनशे ग्रॅम, सर. शिजून दीडशे-एकशे साठ भरतं.”

“आणि मीडियम रेअर जमेल ना?”

“जमेल सर, पण मग परत गरम करून देणार नाही.”

हे उत्तर ऐकून मी निश्चिंत झालो. ज्या किचनला आपल्या मांसाची काळजी आहे ते असंच बोलतं. स्टेक दोन बोटं जाड होता, बाहेरून गडद तपकिरी, सुरी लावल्यावर ताटलीत रस सांडला नाही, म्हणजे तव्यावरून काढून थोडा वेळ ठेवलेला होता. मिरीचा सॉस बाजूला, सोबत मॅश केलेला बटाटा आणि घेवडा. पाच टक्के जीएसटी धरून सातशे सत्त्याऐंशी. कल्याणीनगरात साधारण तसाच स्टेक साडेनऊशेला होता. वरचे पैसे सजावटीचे.

पंचतारांकित हॉटेलात स्टेकऐवजी न्यूझीलंडचे लॅम्ब चॉप्स (कोकराच्या फासळ्या) घेतले. चव उत्तम, पण किंमत दोन हजारांच्या वर आणि अशा महागड्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटला जीएसटी अठरा टक्के. लग्नाचा वाढदिवस असेल तर ठीक. एरवी एवढ्या पैशांत कोरेगाव पार्कात तिघं जेवतात.

आता परदेशाशी तुलना. गेल्या वर्षी आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, इटलीत फ्लॉरेन्सला बिस्तेका, म्हणजे तिथला स्टेक, खाल्ला. तो किलोवर विकतात, तीन-चार बोटं जाड, हाडासकट, आणि आतून लालच देतात. वेलडन, म्हणजे पूर्ण शिजवलेला, मागितलात तर वेटर नाराज होतो. साठ युरो किलोच्या भावाने सव्वा किलोच्या आतबाहेरचा एक तुकडा तिघांत घेतला. त्यात पांढरे घेवडे, बटाटे आणि माणशी टेबलावर बसण्याचे दोन-तीन युरो मिळून डोई तीन हजार रुपयांच्या थोडं वर गेले. न्यूयॉर्कचा हिशोब भावाने सांगितला: मेन्यूवर पासष्ट डॉलर, त्यावर जवळपास नऊ टक्के टॅक्स आणि वीस टक्के टिप, म्हणजे सात हजारांच्या वर. बटाटेसुद्धा वेगळे.

किमती अशा नुसत्या शेजारी ठेवून उपयोग नाही, शंभर ग्रॅम कच्च्या मांसाला काय पडलं ते बघावं. कोरेगाव पार्कात करासकट चारशेच्या आत. फ्लॉरेन्सला मांसाचे सहाशे, हाड वजा केलं तर आठशे. न्यूयॉर्कचा चारशे ग्रॅमचा धरला तर अठराशेच्या आसपास. म्हणजे इटलीचा बिस्तेका वाटतो तेवढा महाग नाही, आणि तिथे जाणाऱ्याने तो वाटून खावाच. चरबीची जी चव तिथे आहे ती म्हशीच्या अंडरकटला येणार नाही. पण मऊपणात आपला कमी पडत नाही, फक्त मीडियमच्या पुढे नेला की कोरडा पडतो.

घरी करायचा असेल तर सकाळी लवकर कॅम्पात छत्रपती शिवाजी मार्केटला जा, अख्खा अंडरकट मागा, वरचा पांढरा पापुद्रा तिथेच काढून घ्या. मटणापेक्षा बराच स्वस्त पडतो. दोन बोटं जाड काप, मीठ, बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवलेला, आणि शेवटी बटर.

गाडी नेऊ नका. शनिवारी संध्याकाळी ढोले पाटील रोडला पार्किंग मिळत नाही, कोरेगाव पार्काच्या गल्ल्यांत तर नाहीच. कोथरूडकरांनी वनाजहून मेट्रो पकडावी. ढोले पाटील रोडसाठी रुबी हॉल आणि कोरेगाव पार्कासाठी बंडगार्डन स्टेशनला उतरून रिक्षा करावी. टेबल साडेसातचं घ्या. नऊनंतर किचनवर गर्दी होते आणि मीडियम रेअर सांगूनही वेलडन येतो. तसा आला तर न खाता परत पाठवा, दुसरा आणून देतात.