खाडीच्या चिखलात विज्ञानाचा तास

नववीच्या पोरांना खाडीच्या मुखाशी न्यायचं तर शाळेच्या नाही, भरती-ओहोटीच्या टाइमटेबलप्रमाणे निघावं लागतं, कारण भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि चिखल उघडा मिळतो तो फक्त ओहोटीला. आम्ही पोचलो तेव्हा पाणी भरपूर होतं, म्हणून आधी जेटीवरून सॅम्पल घेतले.

रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र, त्याच्या काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा आणि निळा-पांढरा भाग जिथे मिळतो तो आकडा वाचायचा. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, आमचं वरचं पाणी त्याच्या निम्म्यालाही पोचेना, आणि त्याच जागी बुचाची बाटली तळाला सोडून, दोरीने बुच ओढून जे पाणी आणलं ते जवळपास समुद्राइतकं खारं! पोरांना वाटलं यंत्र बिघडलं, परत केलं तरी तेच. खारं पाणी जड, ते खालून आत घुसतं आणि नदीचं गोडं पाणी त्याच्यावरून बाहेर जातं, हे फळ्यावर मी कितीदा काढलंय पण त्या दिवशी पोरांनी ते स्वतः पकडलं, मला फार भारी वाटलं.

मग पाणी उतरल्यावर दोरी ताणून, ठराविक अंतरावर चौकट ठेवून तिच्यातल्या जिवांची मोजणी. निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारत पळतात, त्या मोजणं अवघडच. तिवराच्या (खाडीकाठच्या खारफुटी झाडाच्या) पानावरचं मीठ बऱ्याच जणांनी चाटून बघितलं.

खरी मजा खुरप्याने चिखलाचा उभा काप काढला तेव्हा आली. वर पातळसा तपकिरी थर, खाली एकदम काळा आणि सडक्या अंड्यासारखा वास, कारण तिथे ऑक्सिजन नाही, जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पण त्या काळ्यात एका खेकड्याच्या बिळाभोवती तपकिरी कडं होतं, बिळातून हवा-पाणी खेळतं ना, म्हणून तेवढा चिखल श्वास घेतो.

एका मुलीने लगेच विचारलं, मग जिथे बिळं जास्त तिथे काळा थर जास्त खोलवर सुरू होत असेल का? हा प्रश्न माझ्या वर्कशीटमध्ये नव्हताच. वर्कशीट बाजूला ठेवलं आणि भरती चढेपर्यंत आम्ही पट्टी घेऊन तेच मोजत बसलो, आणि बिळांच्या गर्दीत तपकिरी चिखल खरंच जास्त खोलवर निघाला.