करवंटीचा खंड्या
आज दुपारी शेजारची मुले घरी जमली, तेव्हा रंकाळ्याच्या काठी दिसणारा खंड्या करायचे ठरले. पोटाला नारळाची करवंटी, पंखांना जुन्या लग्नपत्रिकेचा निळा कागद, गळ्याला पांढरा कापूस आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, एवढेच साहित्य होते. करवंटीचा तपकिरी रंग या पक्ष्याच्या डोक्या-पोटाशी इतका जुळला की तिला रंगवावे लागलेच नाही. चोचीवर मात्र बराच खल झाला. चटणीसाठी आणलेली लांबट, लालभडक संकेश्वरी मिरची तिथे अगदी शोभली असती, परंतु तेच हात डोळ्यांना लागण्याची धास्ती असल्यामुळे मी लाल पुठ्ठ्यावर भागवले; त्याबद्दल बालमंडळी अजून नाराज आहेत. चोच चांगली लांब हवी, हा एका चिमुरडीचा हट्ट मात्र मी मानला, कारण मासे पकडणाऱ्याला आखूड चोच काय कामाची?