दप्तरी दाखल

बुधवार, रात्री उशिरा

आकाशात दिसलेल्या दिव्याबद्दल पोलीस चौकीत अर्ज दिला होता, त्याला आज उत्तर आलं. चौकीतला मुलगा पत्र घेऊन चार मजले चढून आला, म्हणून आधी त्याला पाणी दिलं आणि मगच पाकीट फोडलं. अर्धं पान. "आपल्या अर्जाच्या अनुषंगाने चौकशी केली असता सदरचा प्रकाश हा शुक्र ताऱ्याचा असल्याचे निष्पन्न झाले आहे. सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे." खाली सही, शिक्का अर्धा कागदाबाहेर, आणि माझ्या आडनावात एक काना जास्तीचा.

शुक्र. रात्री पावणेबाराला!

शुक्र सूर्याला सोडून 47 अंशांपलीकडे जात नाही. सूर्य मावळल्यावर फार तर तीन-सव्वातीन तास दिसणार, नाहीतर पहाटे. पुण्यात मध्यरात्री शुक्र दिसला तर ती बातमी माझ्या दिव्यापेक्षा मोठी होईल. शिवाय सिंहगडाच्या बाजूला, म्हणजे नैऋत्येला, मावळतीचं जे काही असतं ते खाली उतरतं. माझं वर चढलं. गडावरच्या टॉवरच्या लाल दिव्यापासून डावीकडे हातभर, नारिंगी, न लुकलुकणारं. बराच वेळ एका जागी, मग सावकाश वर, मग विझलं. विमान नव्हतं. लोहगावची विमानं मी इतकी वर्षं बघते आहे, त्यांचे दिवे मला पाठ आहेत.

"सांगता येत नाही" असं लिहिलं असतं तर मी पत्र फाइलला लावून कोथिंबीर निवडायला बसले असते. खरंच. मला परग्रहावरचे पाहुणे नको होते. लष्कराचा भाग जवळ आहे, कुणीतरी नोंद घेतलेली बरी, एवढ्याच विचाराने अर्ज दिला होता.

चौकशी म्हणजे काय झाली, तर एक हवालदार आले, सकाळी अकराला, लख्ख उन्हात. आजी, चष्मा लावला होता का? आजी, बीपीची गोळी कितीला घेता? आजी, घरात अजून कोण असतं? कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहिलं. दिशा विचारली नाही, वेळ विचारली नाही. टॉवर दाखवायला बाल्कनीत नेलं तर कबुतरांच्या जाळीवरून हात फिरवत म्हणाले, ही कितीला बसवली? मी रेट सांगितला. तोही लिहून घेतला असावा.

जन्मभर टेलिफोन खात्यात फॉल्टच्या रजिस्टरवर बसले. रात्रपाळीत लाइन गेली की आधी वेळ, मग नंबर, मग सही. वेळ नसलेली नोंद साहेब परत पाठवायचे. दिवा दिसला त्या रात्रीही पहिलं काम मी तेच केलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर 11.45 लिहिलं आणि मग पुन्हा बघायला गेले. ती वेळ कुणाला नको होती. घरात अजून कोण असतं, हे हवं होतं.

त्याच प्रश्नापाशी मी दुपारपासून अडकले आहे. एकटीने पाहिलेलं धरत नाहीत का? शेजारच्या वहिनी झोपलेल्या होत्या. पोराला त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं, तर त्याने विचारलं, तू हल्ली नीट झोपतेस ना? जाऊ दे. हे असते तर आधी टिंगल केली असती, मग माळ्यावरून दुर्बीण काढली असती, मग तिचा स्टँड सापडला नसता, आणि तोवर दिवा विझला असता. पण हवालदाराला दोघांची नावं सांगता आली असती. असो.

शुक्राचं मला ह्यांच्यामुळेच माहीत. लग्नानंतर टिळक स्मारकात ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या कार्यक्रमांना घेऊन जायचे. 1944 सालची संस्था, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी, हे तिथे जिना चढताना दर वेळी ऐकवायचे. मी निम्मा वेळ जांभया द्यायचे. शुक्र मात्र लक्षात राहिला.

संध्याकाळी त्यांची कात्रणांची फाइल काढली. नंतर मीही त्यात भर घालत आले आहे. लडाखचं कात्रण मिळालं. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013, आपल्या जवानांनी सीमेवर आकाशातल्या दिव्यांच्या 329 नोंदी केल्या, चिनी ड्रोन समजून. शेवटी बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं, तेव्हा निघाले गुरू आणि शुक्र. लोक हसले असतील. मला हसू आलं नाही. 329 वेळा कुणीतरी थंडीत उभं राहून लिहिलं, आणि मग माहीतगार माणसांनी ते नीट पाहून उत्तर दिलं. तिथे उत्तर शुक्र होतं, कारण तिथे शुक्र होता. निदान गुरू तरी म्हणायचं. तो मध्यरात्री दिसू शकतो.

दुसरं कात्रण चंद्रपूरचं. 2022 चा पाडवा, 2 एप्रिल. संध्याकाळी आकाशातून जळत्या रेघा गेल्या, अर्ध्या महाराष्ट्राने व्हिडिओ काढले. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. बहुधा चिनी रॉकेटचा तुकडा. इस्रोची माणसं जाऊन पाहून आली. म्हणजे खाली काहीतरी पडायला हवं. आमच्या पार्किंगमध्ये कडं पडलं असतं तर सोसायटीच्या अध्यक्षांनी आधी चेहरा दाखवला असता आणि मग इस्रोला फोन केला असता. माझं तर वरच्या वर विझलं.

अमेरिकेच्या हवाई दलाने असले अर्ज गोळा केले होते, प्रोजेक्ट ब्लू बुक नावाने, 1969 पर्यंत. 12,618 नोंदी. फुगे, तारे, विमानं, सगळं वजा करून 701 राहिल्या, आणि त्यांच्यापुढे त्यांनी "अज्ञात" लिहून ठेवलं. ह्यांनी त्या आकड्याखाली लाल पेनाने रेघ मारली आहे. त्यांच्या मनात त्या वेळी काय असेल कोण जाणे. मला आज त्या 701 जणांचा हेवा वाटला. निदान शुक्रावर तर भागवलं नाही.

चहा केला. दुसरा कप घेताना डोकं जरा ताळ्यावर आलं.

कारण खरं सांगायचं तर तो दिवा काय असावा याचा मला अंदाज आहे. खालच्या रस्त्याला लग्नाची लॉन्स आहेत. वरात संपल्यावर हल्ली तो कागदी कंदील सोडतात, आत मेणासारखं काहीतरी पेटतं, नारिंगी दिसतो, गरम हवेने वर चढतो आणि जळण संपलं की विझतो. लांबून, अंधारात, एका जागी उभा आहेसा वाटणारच. हवालदाराने त्या रात्री लग्न होतं का एवढं लॉनवाल्याला विचारलं असतं तरी भागलं असतं. मी विचारू शकते, पाच मिनिटांवर आहे. विचारणार नाही. चौकशी मी का करायची? अर्ज मी दिलाय.

हा हट्ट आहे, कळतंय. ह्यांच्या भाषेत सदाशिव पेठी खोड. माझं माहेर तिथलं, त्याला इलाज नाही.

तर माहितीच्या अधिकारात विचारायचं ठरवलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. मात्र महाराष्ट्रात नियम असा की अर्ज दीडशे शब्दांत हवा आणि विषय एकच हवा. मसुदा केला. "सदर रात्री शुक्र ग्रह पुणे येथून किती वाजता मावळला, याबाबत चौकशीत घेतलेल्या नोंदीची प्रत द्यावी. तसेच चौकशी अधिकाऱ्याने प्रकाशाची दिशा कशाच्या आधारे निश्चित केली, ते कळवावे." शब्द मोजले, बरीच जागा उरते. तिथे कबुतरांच्या जाळीचं घालावं असं फार मनात आहे, पण तो दुसरा विषय धरून जनमाहिती अधिकारी अर्ज परत करतील.