बाईंची कविता, माझी पेटी: सहावी बैठक आणि पहिला कार्यक्रम

बाई आपल्या कविता वाचतात आणि मी पेटीची (हार्मोनियमची) साथ करतो, त्याची तालीम व्हॉट्सॲप कॉलवर करून बघतो असं मागच्या वेळी लिहिलेलं, तर ते साफ फसलं. पेटीचा धरून ठेवलेला सा फोनला पंख्याची घरघर वाटतो काय की, दोन सेकंदात गिळूनच टाकतो, आणि आवाज उशिरा पोचतो ते वेगळंच. म्हणून आता दर रविवारी पेटी स्कूटरवर पायाजवळ ठेवून इथं बेळगावातच टिळकवाडीतनं शहापूरला, बाईंच्या घरी. बाई म्हणजे माझ्या सातवीच्या मराठीच्या बाई, आता रिटायर्ड, मी उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "चाल लावायची नाही हं. चाल लावलीस की लोक चाल घरी नेतात, शब्द इथंच राहतात." म्हणजे बाई वाचणार, मी वाजवणार, गाणं नाहीच.

ऐकायला सोपं वाटतंय, खरं तसं नाही. ट्युनर ॲपवर बघितलं तर बाईंचा बोलण्याचा आवाज 190 ते 200 हर्ट्झच्या आसपास घोटाळतो, म्हणजे मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) पांढरी पाचच्या, पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या जवळ. मी शहाणपणा करून सा तिथंच धरला, तर दोन ओळींत बाई गायलाच लागल्या! म्हणजे गाणं नव्हे, आरतीसारखं एका सुरात, बोलण्यातले चढउतार सगळे सपाट. सुराला चिकटतोच आवाज, त्यांचा काय दोष. मग सा खाली पांढरी दोनवर आणला, आवाज मोकळा झाला.

दुसरी चूक म्हणजे मी बाईंच्या आवाजामागं धावत होतो. बोलणं म्हणजे सगळी मींडच की, एका सुरावरनं दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, आणि पेटीला मींड येत नाही, आकाशवाणीनं 1940 पासून कित्येक वर्षं पेटीवर बंदी घातली तेव्हा हीच तर तक्रार होती. गायकाच्या साथीला हात वळलेला असतो त्यामुळं ओळ संपली की बोटं आपोआप ती ओळ परत वाजवायला जातात, कवितेला ते फार वाईट दिसतं, कुणीतरी आपलंच वाक्य चिडवून म्हणाल्यासारखं.

आता जे जमलंय ते असं. खर्जाचा (खालच्या जाड सुरांचा) स्टॉप बंद, नुसता नर (मधल्या सुरांचा), कारण खर्जाच्या गुंजनात बाईंचं ब, म, भ सगळं एकच ऐकू यायचं. बाई श्वास घेतात तेव्हा भाता मारायचा आणि ओळ सुरू झाली की भात्यावरचा हात काढायचा, साठलेल्या हवेवर सा-प विरत विरत जातो आणि ओळीचा शेवटचा शब्द जवळजवळ कोरडा पडतो. पुढच्या श्वासाला परत भाता. ह्यासाठी बाईंनी वहीत पेन्सिलनं श्वासाच्या खुणा करून दिल्यात, वाचताना त्या स्वतः पाळत नाहीत ते सोडा. ओवीतल्या कवितेला मात्र अजून हात आवरत नाही, जात्यावरची चाल बोटांतनं निघतेच, मग बाई चष्म्यावरनं बघतात, सातवीत बघायच्या तसंच.

कार्यक्रम झाला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत, तीसेक माणसं. कवयित्री इंदिरा संतांच्या गावात कविता वाचायची आणि पेटीवाले रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटी वाजवायची म्हणजे दोघांनाही लपायला जागा नाही. साऊंडवाल्यानं हौसेनं एको टाकला होता, तो काढायला लावला तर त्याला वाईट वाटलं. पेटीला माईक दिलाच नाही, छोट्या खोलीत गरज नसते, आणि दिला की भात्याची खटखट आधी ऐकू येते. तिसऱ्या कवितेत बाईंनी दोन पानं एकदम उलटली, अख्खं एक कडवं गेलं, मी भात्यावर हात ठेवून नुसता बसलेलो. कुणाला कळलं नाही. किंवा कळूनही बोलले नाहीत.

शेवटची कविता हातमाग जाऊन पॉवरलूम आले त्यावरची, मुक्तछंदात. बाईंच्या शेजारी माग आहे, तालमीत भिंतीतनं त्याचा आवाज सारखा येतो, म्हणून मी त्यात दोनच सुरांची, ग आणि प ची, खटक-खटक ठेवलेली. मागवाले शेजारी कन्नड बोलणारे, ते मुद्दाम आले होते, संपल्यावर म्हणाले "भाळ चलो आत्री", म्हणजे फार छान झालं, मला बरं वाटेपर्यंत पुढं मराठीत, "खरं माग येवढा सावकाश कुठं चालतोय वो?"

बरोबरच आहे की. दुसऱ्या दिवशी भिंतीशी फोन धरून मोजलं तर मिनिटाला 120 च्या आसपास ठोके, आणि आम्ही सत्तरवर रांगत होतो. त्या वेगात बाईंनी वाचलं तर ते बातम्या दिल्यासारखं होणार. म्हणून आता बाई त्यांच्याच चालीनं वाचणार आणि पेटी मागाच्या वेगात, दोघांनी एकमेकांकडं लक्षच द्यायचं नाही, नुसतं कडव्याच्या शेवटी भेटायचं, असं करून बघू म्हणतोय. रविवारी समजेल. बाईंनी काल फोन करून शेवटचं कडवं बदललंय म्हणून सांगितलं, म्हणजे भेटायची जागाही बदलली.