शब्दाची शेपटी आधी बघा

शाळेबद्दल लिही म्हटल्यावर डोक्यात आला तो आमच्या इंग्रजीच्या बाईंचा तास, म्हणून बाकी सगळं सोडून त्याच्यावरच लिहितोय. बाई फळ्यावर युनिव्हर्सिटीसारखा लांबलचक शब्द लिहायच्या आणि म्हणायच्या, स्पेलिंग नंतर पाठ करा, आधी तोंडाने तुकडे पाडा. हनुवटीखाली हात धरायचा, शब्द सावकाश म्हणायचा, हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे. यु-नि-व्हर्-सि-टी, पाच झाले. अक्षरं नाही मोजायची, स्वरांचे आवाज मोजायचे, म्हणून तर ‘थॉट’ लिहायला सात अक्षरं लागतात पण तुकडा एकच.

खरी मजा पुढे, जोर कुठे द्यायचा यात. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना साधारण सारखंच वजन देतो, जोर इकडचा तिकडे झाला म्हणून अर्थ काही बदलत नाही. इंग्रजीत एक तुकडा ठसठशीत आणि बाकीचे दबके, ‘बनाना’मधला ‘ब’ तर जवळजवळ गिळूनच टाकायचा. बाई सांगायच्या, शब्दाची शेपटी आधी बघा. शेवटी शन, इक किंवा इटी असेल तर जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. एज्युकेशनमध्ये ‘के’वर, इकॉनॉमिकमध्ये ‘नॉ’वर, इलेक्ट्रिसिटीत ‘ट्रि’वर. आणि शेपटी बदलली की जोरही सरकतो, फोटोग्राफमध्ये ‘फो’, फोटोग्राफीत ‘टॉ’, फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रा’, तेही मूळ शब्द तोच असताना! मला हे अजूनही भारी वाटतं. पॉलिटिक्स, अरेबिक हे अपवाद, तिथे जोर पहिल्यावरच, ते तेवढे लक्षात ठेवायचे.

काही शब्दांत तर जोरावरूनच कळतं की नाम आहे का क्रियापद. रेकॉर्ड, प्रेझेंट, ऑब्जेक्ट, नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

हे काही साहेबी उच्चार मिरवायला नाही हो, समोरच्याला पहिल्या फटक्यात कळावं एवढ्यासाठी. ऐकणारा जोरावरून शब्द ओळखतो, ‘डेव्हलप’चा जोर ‘व्हे’वर असतो, तो पहिल्या तुकड्यावर दिला की ऐकणारा क्षणभर अडखळू शकतो. माझं तर स्पष्ट मत आहे की स्पेलिंग पाठांतराला जेवढा वेळ जातो त्यातला थोडा जरी याला दिला तरी मुलं बिनधास्त बोलतील. आताच्या शिक्षकांना एवढीच विनंती, डिक्शनरीत उच्चाराच्या जागी तुकड्याच्या आधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते, जोराची खूण ती, ती मुलांना पाचवीतच दाखवा.