बसने ओंफ्लरला

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या ओंफ्लर या बंदराच्या गावाला प्रवासी रेल्वे जात नाही, आणि माझ्या मते ही त्या गावाची मोठीच सोय आहे. सेन नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या उत्तर तीरावर ल हाव्र हे मोठे बंदर आहे आणि समोरच्या दक्षिण तीरावर ओंफ्लर आहे. आम्ही दोघे राहतो ते ल हाव्रमध्ये, त्यामुळे सुट्टीच्या सकाळी न्याहारी आटोपून निघावे, अर्ध्या तासात बसने पलीकडे पोहोचावे, दिवसभर पायी हिंडावे आणि संध्याकाळच्या बसने घरी यावे, असा बेत फारशा तयारीवाचून जमतो.

बसस्थानक रेल्वे स्थानकाला लागूनच आहे. बसमध्ये कंडक्टर नसतो. चढताना चालकाला ‘बोंझूर’ म्हणावे आणि त्याच्याकडूनच तिकीट घ्यावे, आणि उतरताना मागच्या दारापाशी उभे असलो तरी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ‘मेर्सी, ओ रव्वार’ म्हणावे, हा शिरस्ता इथली शाळकरी मुलेही पाळतात. शहर मागे पडले की काही वेळ गोदामे, तेलाच्या टाक्या आणि कंटेनरच्या रांगा यांखेरीज दुसरे काही दिसत नाही. ल हाव्रचा मध्यभाग दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४४ मधल्या बॉम्बहल्ल्यांत भुईसपाट झाला आणि ओग्यूस्त पेरे या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार तो काँक्रीटमध्ये पुन्हा उभा राहिला. २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. रोज ती सरळ रेषेतली करडी घरे पाहणाऱ्याला खाडीपलीकडचे गाव म्हणूनच अधिक नवलाचे वाटते, कारण ओंफ्लर त्या युद्धातून जवळजवळ जसेच्या तसे वाचले.

या दोन तीरांना जोडणारा नॉर्मंडी पूल १९९५ मध्ये खुला झाला. त्याची लांबी २,१४३ मीटर आहे, आणि दोन उंच मनोऱ्यांमधला ८५६ मीटरचा गाळा हा त्या वेळी तारांनी तोललेल्या पुलांमधला जगातला सर्वांत लांब गाळा होता. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या ज्या भागाची छायाचित्रे आपण नेहमी पाहतो, तो भागही याच पद्धतीचा आहे. खालून मोठी जहाजे जावीत म्हणून रस्ता मध्यभागी बराच उंच नेला आहे, त्यामुळे बस एखादा डोंगर चढावा तशी चढते आणि माथ्यावर आली की एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि ओहोटी असेल तर मधली चिखलाची मैलभर पट्टी एकदम नजरेत येते. चालकाशेजारची बाजू पकडण्यापेक्षा समुद्राकडची, म्हणजे जाताना उजव्या हाताची खिडकी मिळवावी.

ओंफ्लरची सर्व छायाचित्रे जुन्या गोदीची असतात. चौकोनी पाण्याभोवती दाटीने उभी असलेली, पाच-सहा मजल्यांची, अरुंद आणि दर्शनी भागावर पाटीच्या दगडाच्या चकत्या जडवलेली ती घरे देखणी आहेत, हे मान्य. त्यातल्या बऱ्याच घरांचा खालचा भाग धक्क्यावर उघडतो आणि वरचा भाग मागच्या, उंचावरच्या रस्त्यावर, त्यामुळे एकाच इमारतीला दोन ‘तळमजले’ असतात. पण धक्क्यावरची जवळजवळ सगळी जागा आता उपाहारगृहांच्या छत्र्यांनी व्यापली आहे आणि दुपारी तिथे पाणी कमी आणि पाठी जास्त दिसतात. गोदीच्या तोंडाशी ल्यूतनांस ही जुन्या तटबंदीतली इमारत आहे. १६०८ मध्ये साम्यूएल द शांप्लँ हा फ्रेंच दर्यावर्दी याच बंदरातून निघाला आणि त्याने कॅनडात क्वेबेक वसवले, याची आठवण देणारा फलक तिच्या भिंतीवर आहे. जवळच सतराव्या शतकातली मिठाची दगडी कोठारे आहेत. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड मासा पकडायला जाणाऱ्या जहाजांना मासे खारवण्यासाठी हे मीठ लागत असे. या गावाच्या वैभवात त्या माशाचा वाटा होता तसाच अठराव्या शतकातल्या गुलामांच्या व्यापाराचाही होता, आणि सुंदर घरे पाहताना तेही ध्यानात असावे.

माझ्यासाठी ओंफ्लर म्हणजे गोदीच्या मागचे सँत कातरीन हे चर्च. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या ‘शंभर वर्षांच्या युद्धा’त इथले दगडी चर्च नष्ट झाले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात नवे बांधायची वेळ आली, तेव्हा गावाजवळ दगडासाठी पैसा नव्हता, पण जवळच्या जंगलात ओक होते आणि गावात जहाजे बांधणारे सुतार होते. त्या सुतारांना छत म्हणून जे ठाऊक होते तेच त्यांनी केले: जहाजाचा सांगाडा उपडा घातला. पुढे वस्ती वाढली तेव्हा त्यांनी शेजारी तसाच दुसरा सांगाडा उभारला. त्यामुळे आत शिरून मान वर केली की दोन गलबते पालथी टांगल्यासारखी दिसतात. पुरेशा लांबीचे ओक मिळाले नाहीत म्हणून काही खांबांखाली दगडी बैठक आहे, ती कुठे उंच, कुठे बुटकी, आणि काही खांबांना ती मुळीच नाही. ही तडजोड लपवण्याचा कोणी प्रयत्न केलेला नाही. घंटेचा मनोरा चौकाच्या पलीकडे स्वतंत्र बांधला आहे, कारण घंटांचा भार लाकडी चर्चला पेलवला नसता आणि वीज पडली तर आग चर्चपर्यंत पोहोचायला नको होती. चित्रकार क्लोद मोनेने या मनोऱ्याचे चित्र काढले आहे.

मोनेला उघड्यावर बसून चित्रे काढायला लावणारा चित्रकार युजेन बुदँ १८२४ मध्ये याच गावात जन्मला; त्याच्या नावाचे संग्रहालय इथे आहे आणि त्यातली ढगांची चित्रे पाहून बाहेर आले की वरचे आकाश ओळखीचे वाटते. संगीतकार एरिक साती याचे १८६६ मधले जन्मघरही संग्रहालय झाले आहे. त्यात पंख असलेले एक भलेमोठे पेअर फळ ठेवले आहे. विक्षिप्तपणा ज्यांना मानवत नाही त्यांनी ते घर वगळले तरी चालेल.

जेवणासाठी धक्क्यावर न बसता आतल्या गल्लीत शिरावे. इथली करडी कोळंबी आकाराने आपल्या करंदीएवढी असते, नुसती उकडून लोण्या-पावाबरोबर देतात. गोडात ‘तरगूल’ मागावे: तांदूळ, दूध, साखर आणि दालचिनी मातीच्या भांड्यात घालून मंद भट्टीत कित्येक तास ठेवलेली ही खीरच आहे, फक्त तिच्यावर तपकिरी जाड साय धरलेली असते. घरी वेलदोडा घालून करून पाहिली, दालचिनीच बरी.

दुपारनंतर कोत द ग्रास या टेकडीवर चढावे. चढ दमवणारा आहे, पण वर सतराव्या शतकातले खलाशांचे प्रार्थनामंदिर आहे आणि त्याच्या छताला नवस फेडण्यासाठी वाहिलेली छोटी जहाजे टांगली आहेत. बाहेरून खाडी, पूल आणि पलीकडे ल हाव्रच्या क्रेन दिसतात.

पॅरिसहून येणाऱ्यांनी सँ लाझार स्थानकावरून ल हाव्रची गाडी घ्यावी आणि तिथून बस धरावी. शनिवारी सकाळी सँत कातरीनच्या चौकात बाजार भरतो, तो गाठता आला तर उत्तम. रविवारी बस कमी असतात, म्हणून परतीची वेळ थांब्यावरच्या वेळापत्रकात उतरल्याबरोबर पाहून ठेवावी.